निजलेल्या बाळाची राखण

(प्राथमिक शिक्षक-शिक्षिकांसाठी अभ्यासलेख व पाठाचा नमुना)

१. हजेरीपटावरील प्रश्न

दसऱ्याच्या सुमारास बुलढाणा जिल्ह्यातील खेड्यांत सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची वेचणी यांची एकच धांदल उडते. घरातील कर्ती माणसे सकाळीच भाकरी बांधून शेताची वाट धरतात. याच दिवसांत शाळेच्या हजेरीपटावर काही ठराविक नावांपुढे गैरहजेरीच्या खुणा पडू लागतात. ही नावे बहुधा मुलींची असतात. मुलगी आजारी नसते, गावालाही गेलेली नसते. शिक्षकाने घरी जाऊन चौकशी केली म्हणजे शेजारीण सांगते, "तिची माय वेचायला गेली. लहान्याला धरून ती घरीच आहे, गुरुजी."

अशा वेळी शिक्षकापुढे तीन मार्ग असतात. गैरहजेरी मांडून गप्प बसणे हा पहिला. पालकांना बोल लावणे हा दुसरा. त्याने मजुरी बुडत नाही व मुलगीही शाळेत येत नाही. "बाळाला घेऊन ये, पण शाळा बुडवू नकोस," असे सांगणे हा तिसरा. अनेक कनवाळू शिक्षक व शिक्षिका हा तिसरा मार्ग पत्करतात आणि तो योग्यच आहे. परंतु तो पत्करताच एक नवी जबाबदारी शाळेच्या अंगणात येते. मुलगी बाळाला कडेवर घेऊन येते. तासाभराने ते पेंगते. ती त्याला ओट्यावर सतरंजीच्या घडीवर निजविते, माशा बसू नयेत म्हणून तोंडावर ओढणी टाकते आणि गणिताच्या तासाला वर्गात जाऊन बसते. बाळ निजले, मुलगी वर्गात आली, सर्वांना हायसे वाटते.

या हायसे वाटण्याच्या क्षणीच सावध राहणे आवश्यक आहे. निजलेले मूल म्हणजे निर्धास्त मूल, ही आपली समजूत पुरती खरी नाही. बाळ रडते तेव्हा सारे घर त्याच्याकडे धावते. ते निजते तेव्हा मात्र कोणाचेच लक्ष नसते, आणि श्वास कोंडला तरी तान्ह्या मुलाला हाक मारता येत नाही.

२. कोसबादचा धडा

हा प्रश्न आजचा नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. पुढे १९५७ च्या सुमारास हे काम जवळच्याच कोसबादच्या टेकडीवर, वारली वस्तीच्या सान्निध्यात गेले. हा भाग आता पालघर जिल्ह्यात मोडतो. शाळा उघडली तरी मुले येईनात. त्याची कारणे शोधता असे दिसले की, मुलगे गुरे राखीत आणि मुली भावंडे राखीत. मुलांना शिकण्याची नावड नव्हती. त्यांना घरचे काम सोडून येता येत नव्हते.

यावर त्यांनी जो उपाय योजला तो प्रत्येक ग्रामीण शिक्षकाने ध्यानी घ्यावा असा आहे. गुरे राखणाऱ्यांसाठी शाळाच कुरणात नेली. भावंडे राखणाऱ्यांसाठी पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच जागी आणली आणि या रचनेस 'विकासवाडी' असे नाव दिले. धाकटे भावंड पाळणाघरात, मधले बालवाडीत आणि थोरले वर्गात, अशी ती व्यवस्था होती. बाळाची सोय लागल्यावाचून मुलीचे शिक्षण होणार नाही, हे सत्य कोसबादने कृतीने दाखवून दिले. १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही भावंडे सांभाळणाऱ्या मुलींना शाळेत येता यावे, म्हणून शाळांना पूरक अशी दिवसाची संगोपन केंद्रे असावीत, हे तत्त्व मान्य केले.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात एकात्मिक बालविकास सेवा योजनेचा आरंभ झाला आणि अंगणवाडी गावोगाव पोहोचली. तथापि अंगणवाडीतील पूर्वशालेय शिक्षण तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी आहे. त्याहून लहानग्यांना पूरक आहार, वजनाची नोंद व लसीकरण यांचा लाभ मिळतो. पण त्यांना दिवसभर सांभाळण्याची सोय सर्वत्र नाही. २०२२ पासून 'पाळणा' या नावाच्या योजनेखाली काही ठिकाणी अंगणवाडीला जोडून पाळणाघरे चालविण्याची तरतूद झाली आहे. जेथे ती पोहोचलेली नाही, तेथे तान्ह्या बाळाची राखण आजीकडे किंवा नऊ-दहा वर्षांच्या बहिणीकडेच राहते. यास्तव पाळणाघर चालविणाऱ्या सेविकेला जे ज्ञान अवश्य, तेच गावच्या शिक्षकालाही अवश्य आहे.

३. शांत मूल आणि सुरक्षित मूल

मूल निजले की मोठ्यांची कामे होतात. त्यामुळे बाळाच्या झोपेकडे मोठ्यांची सोय म्हणून पाहण्याची सवय जडते. ती किती टोकाला जाऊ शकते याचे उदाहरण जुन्या मुंबईत सापडते. खामगावच्या बाजारातून आगगाडीने वऱ्हाडचा कापूस बाहेर जाई, त्या काळची ही हकीकत आहे. मुंबईच्या कापडगिरण्यांत काम करणाऱ्या अनेक स्त्रिया कामावर जाताना तान्ह्या मुलाला अफूची बारीक गोळी देत. तिला 'बाळागोळी' म्हणत. १९२० च्या दशकातील सरकारी चौकशीतही या प्रथेची नोंद झाली. त्या मातांना मुलांची माया नव्हती असे मुळीच नाही. पाळीचा भोंगा चुकविता येत नव्हता आणि मूल ठेवायला जागा नव्हती. मूल दिवसभर शांत राही. पण ती शांतता ग्लानीची असे. अफूने श्वास मंदावतो, भूक मरते आणि बाळ खंगत जाते.

यावरचा खरा उपाय मातेला दोष देण्यात नव्हता, पाळणाघर उभारण्यात होता. १९४८ च्या कारखाना कायद्याने पन्नासाहून अधिक स्त्रिया कामावर असतील तेथे सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर ठेवणे मालकावर बंधनकारक केले. १९७६ च्या दुरुस्तीने ही संख्या तीसवर आणली. शेताच्या धुऱ्यावर मात्र असा कायदा पोहोचत नाही. तेथे शहाणपणच पोहोचवावे लागते. बाळाला झोप यावी म्हणून अफू, मद्याचा अंश असलेली घुटी अथवा सर्दी-खोकल्याचे गुंगी आणणारे औषध देणे आजही तितकेच घातक आहे, हे पालकसभेत निःसंकोच सांगितले पाहिजे.

४. झोपेतील धोका कशामुळे?

वर्षाच्या आतील बाळाची मान दुबळी व डोके जड असते. तोंडावर कापड आले तर ते दूर सारण्याचे बळ पहिल्या काही महिन्यांत त्याच्या हातांत नसते. मोठ्या माणसाचा श्वास कोंडला तर ते दचकून जागे होते. तान्ह्या बाळात ही जाग येण्याची शक्ती पुरती विकसित झालेली नसते. मऊ गादीत नाक रुतले म्हणजे बाळ स्वतःच सोडलेली अशुद्ध हवा पुन्हा पुन्हा आत घेत राहते आणि आवाज न करता गुदमरते. निरोगी दिसणारे बाळ झोपेतच दगावते व पुष्कळदा कारण सापडत नाही, अशा घटनेस आकस्मिक शिशुमृत्यू म्हणतात. असे मृत्यू विशेषतः दोन ते चार महिन्यांच्या वयात अधिक आढळतात.

या बाबतीत पाश्चात्त्य देशांचा अनुभव बोधप्रद आहे. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर तेथे बाळाला पालथे निजवावे असा सल्ला सर्रास दिला जाई. उलटी झाली तर ती घशात अडकणार नाही, अशी त्यामागे कल्पना होती. पुढे अभ्यासातून दिसून आले की, पालथे निजणाऱ्या बाळांतच आकस्मिक मृत्यूचे प्रमाण अधिक आहे. इंग्लंडमध्ये १९९१ साली आणि अमेरिकेत १९९४ साली 'बाळाला उताणे निजवा' अशी मोहीम सरकारी पाठिंब्याने निघाली. नवे औषध नव्हते, यंत्र नव्हते. केवळ निजविण्याची रीत बदलली. काही वर्षांत या देशांतील असे मृत्यू निम्म्याहून कमी झाले.

उताणे निजविल्यास बाळाला ठसका लागेल ही भीती आपल्याकडेही आहे. तिचे निरसन शरीररचनेतूनच होते. श्वासनलिका पुढच्या बाजूस व अन्ननलिका तिच्या मागे असते. बाळ उताणे असता श्वासनलिका वर व अन्ननलिका खाली येते. बाहेर आलेले दूध श्वासनलिकेत जाण्यास वर चढावे लागेल. बाळ पालथे असता हीच रचना उलटी होते. शिक्षकाने फळ्यावर दोन रेषा काढून हे दाखविले, तर आजीबाईंनाही ते सहज पटते.

येथे पाळणाघर चालविणाऱ्यांसाठी व भावंडे सांभाळणाऱ्यांसाठी एक विशेष इशारा आहे. जे बाळ घरी नेहमी उताणे निजते, त्याला दुसऱ्याच कोणी एखादे दिवशी पालथे निजविले, तर त्याचा धोका नेहमी पालथे निजणाऱ्या बाळापेक्षाही अधिक असतो. म्हणून बाळाला सांभाळणारे हात बदलले तरी निजविण्याची रीत बदलता कामा नये.

५. पाळावयाचे नियम

(१) वर्षाच्या आतील बाळाला प्रत्येक वेळी, दिवसा व रात्री, उताणेच निजवावे. कुशीवर निजविलेले बाळ सहज पालथे होते. म्हणून कुशीवरही निजवू नये. बाळ आपणहून दोन्ही बाजूंना वळू लागले म्हणजे झोपेत वळल्यावर त्याला पुन्हा पुन्हा उलटविण्याची गरज नाही. निजविताना मात्र उताणेच निजवावे.

(२) बिछाना सपाट व घट्ट असावा. जमिनीवर चटई व तीवर ताणून अंथरलेली दुपदरी सतरंजी किंवा चादर पुरेशी आहे. कापसाची फुगीर गादी, सैल विणीची खोलगट बाज, धान्याची पोती, दप्तरांचा ढीग यांवर बाळाला निजवू नये.

(३) बिछान्यात बाळावाचून दुसरे काही नसावे. उशी, लोड, चिंध्यांची बाहुली, घडी घातलेली गोधडी, सारे दूर ठेवावे. डोके गोल व्हावे म्हणून मोहरीची किंवा राळ्याची उशी देण्याची चाल आहे, तीही नको. त्याऐवजी बाळ जागे असता, कोणी समोर बसलेले असता, त्याला थोडा वेळ पालथे घालावे. त्याने डोके चपटे होत नाही व मानेला बळ येते.

(४) तोंड व डोके उघडे असावे. माशा-डासांपासून रक्षणासाठी ओढणी किंवा पदर तोंडावर टाकू नये. बाळापासून दूर ताणून बसविलेली छत्रीसारखी मच्छरदाणी वापरावी. गळ्यातील ताईत व दोरे झोपेच्या वेळी काढून ठेवावेत.

(५) बाळाच्या खोलीत चुलीचा, बिडीचा किंवा उदाचा धूर नसावा.

(६) रात्री बाळ आईच्या खोलीतच, हाताच्या अंतरावर, पण वेगळ्या अंथरुणावर असणे चांगले. दोन मोठ्यांच्या मध्ये किंवा इतर भावंडांच्या रांगेत तान्ह्याला निजवू नये. मद्य किंवा गुंगीचे औषध घेतलेल्या माणसाने बाळाजवळ निजू नये. अपुऱ्या दिवसांच्या किंवा कमी वजनाच्या बाळाबाबत हा नियम कसोशीने पाळावा.

(७) आईचे दूध बाळाचे या धोक्यापासूनही रक्षण करते. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे आणि लसी वेळेवर टोचून घ्याव्यात.

६. घाटावर आणि घाटाखाली

आपल्या जिल्ह्याचे हवामान एकसारखे नाही. घाटावरील बुलढाणा-चिखलीकडे हिवाळ्यात थंडी चांगलीच झोंबते. घाटाखालील मलकापूर, नांदुरा, शेगाव या पूर्णाकाठच्या पट्ट्यात उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो. म्हणून नियम एकच असला तरी त्याचे पालन स्थलकालानुसार करावे लागते.

थंडीत दार-खिडक्या लावून खोलीत पेटती शेगडी ठेवण्याची चाल विषारी आहे. कोळशाच्या धगीतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू दिसत नाही, त्याला वास येत नाही. तो झोपेतच प्राण घेतो. बाळंतिणीच्या खोलीत शेकासाठी निखारे आणलेच, तर काम होताच ते बाहेर न्यावेत व खोली हवेशीर ठेवावी. बाळाला एकावर एक गोधड्या पांघरण्यापेक्षा अंगाबरोबर बसणारे कपडे घालावेत. मोठ्या माणसाच्या अंगावर जितके कपडे, त्याहून एखादा अधिक पुरतो. पांघरूण घातलेच तर ते छातीपर्यंतच असावे व कडेला खोचलेले असावे. अगदी नवजात व कमी वजनाच्या बाळाला टोपी-मोजे घालण्याबाबत आशाताईंचा सल्ला पाळावा.

उन्हाळ्यात उलट काळजी घ्यावी. पत्र्याच्या खोलीत, घट्ट गुंडाळलेल्या दुपट्यात बाळ भाजून निघते, आणि अंग अति तापणे हेही झोपेतील मृत्यूचे एक कारण ठरू शकते. मानेमागे व छातीवर हात ठेवून पाहावे. तेथे घाम किंवा फार ऊब लागली, तर कपडे कमी करावेत. बंद मोटारीत किंवा उन्हात उभ्या ट्रॅक्टरच्या आडोशाला निजलेले बाळ क्षणभरही एकटे ठेवू नये.

७. झोळीविषयी

शेताच्या धुऱ्यावरील बाभळीला किंवा निंबाला जुन्या लुगड्याची झोळी बांधून त्यात बाळ निजविणे ही आपल्याकडील पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. तिला हसणे सोपे आहे. पण ती का निर्माण झाली हे शिक्षकाने समजून घ्यावे. जमिनीवर विंचू, साप, मुंग्या व भटकी कुत्री असतात. झोळी बाळाला त्यांच्यापासून उचलून धरते, सावलीत ठेवते व झोक्याने निजविते. आईने जवळच्या संकटावर शोधलेला तो उपाय आहे.

परंतु झोळीत दुसरे संकट आहे. तिचा तळ खोलगट असल्याने बाळाची हनुवटी छातीला टेकते व श्वासाची वाट अरुंद होते. कापड दोन्ही बाजूंनी चेहऱ्यावर मिटते. चार-पाच महिन्यांचे बाळ तीत वळले तर तोंड कापडात रुतते आणि पुन्हा फिरण्यास जागा नसते. मोठी मुले जोराने झोके देतात; गाठ सुटते किंवा दोरी गळ्याशी येते. म्हणून झोळी ही बाळाला झोप आणण्याची जागा मानावी, झोपून ठेवण्याची नव्हे. डोळा लागताच बाळाला सपाट अंथरुणावर, मच्छरदाणीखाली, उताणे निजवावे. शेतात तशी सोय मुळीच नसेल, तर झोळीच्या दोन्ही टोकांना आडवी काठी घालून कापड रुंद व ताठ करावे. झोळी जमिनीपासून हातभरच उंच असावी. बाळाचे तोंड बाहेरून दिसावे. आणि तेथे कोणी मोठे माणूस बसलेले असावे. वेचणीला दहा बायका असल्या तर त्यांनी पाळीपाळीने एकीला बाळांजवळ बसविणे हेच खरे शेतावरचे पाळणाघर होय.

रूढी मोडल्याविनाही सुधारता येते. न्यूझीलंडमधील माओरी समाजात बाळाला आईजवळच निजविण्याची चाल आहे. २००६ च्या सुमारास तेथील विणकर स्त्रिया व डॉक्टर यांनी मिळून गवती पात्यांची सपाट तळाची एक टोपली प्रचारात आणली. ती आईच्या अंथरुणातच ठेवायची. बाळ आईजवळही राहते आणि त्याची जागाही निराळी राहते. चाल राहिली, धोका कमी झाला. आपल्या गावच्या बुरुडाकडूनही रुंद, उथळ, सपाट तळाची टोपली विणून घेता येईल.

८. बहिणीचे काम आणि शाळेचे काम

नऊ-दहा वर्षांच्या मुलीने बाळाला खेळवावे, त्याच्याशी बोलावे, लंगोट बदलावा, रडले तर मोठ्यांना बोलवावे. इतके तिच्याकडून अपेक्षिणे रास्त आहे. निजलेल्या तान्ह्याच्या जीवाची एकटीने जबाबदारी घेणे तिच्या वयाला झेपणारे नाही. तिच्या हातून काही अघटित घडले तर ती जन्मभर स्वतःला दोष देत राहील. ते ओझे तिच्या डोक्यावर न देणे हे मोठ्यांचे कर्तव्य आहे.

यास्तव शाळेने पुढील व्यवस्था करावी. बाळाला घेऊन येणाऱ्या मुलींची वेचणीपूर्वीच नोंद करावी. अंगणवाडी सेविका, मदतनीस, आशा व शाळा व्यवस्थापन समिती यांची एक बैठक घेऊन बाळे कोठे निजतील व त्यांच्याजवळ कोण बसेल, हे नावानिशी ठरवावे. अंगणवाडी शाळेच्या आवारातच असेल तर हे काम सोपे होते. गावातील एखादी आजी किंवा बचत गटातील भगिनी पाळीने बसण्यास तयार होतात, असा अनुभव घेण्यासारखा आहे. निजण्याची जागा वर्गाच्या दारातून दिसणारी, सावलीची, झाडून स्वच्छ केलेली असावी. राखण करणाऱ्याने दर काही मिनिटांनी जवळ जाऊन बाळाचा चेहरा, रंग व छातीची हालचाल पाहावी. दुरून पाहणे पुरेसे नाही. ही व्यवस्था उभी राहत नसेल, तर बाळ निजले असता मुलीला वर्गात बोलाविण्याऐवजी वर्गच तिच्याजवळ, झाडाखाली न्यावा. कुरणात शाळा नेणाऱ्यांचा वारसा आपल्याला आहे.

९. पाठाचा नमुना (इयत्ता चौथी व पाचवी, परिसर अभ्यास)

उद्दिष्ट : लहान बाळाला सुरक्षित कसे निजवावे हे विद्यार्थ्यांनी सांगावे व करून दाखवावे.

साहित्य : कापडी बाहुले, चटई, चादर, उशी, ओढणी, गोधडी.

प्रस्तावना : "तुमच्या घरी लहान बाळ आहे का? त्याला कोण निजविते? कोठे निजविते?" उत्तरे फळ्यावर लिहावीत. कोणाच्या घरच्या रीतीची थट्टा होऊ देऊ नये.

प्रयोग : प्रत्येक विद्यार्थ्याने आपला तळहात नाकातोंडापुढे सैल धरून दोन-तीन श्वास घ्यावेत. हवा उबट व कोंदट लागते. "बाळाच्या तोंडावर ओढणी असेल तर त्याला कोणती हवा मिळेल?" हा प्रश्न विचारावा. नाक दाबण्याचा किंवा तोंडाला कापड बांधण्याचा प्रयोग मुळीच करू नये.

प्रात्यक्षिक : शिक्षकाने बाहुले मुद्दाम चुकीचे निजवावे : पालथे, उशीवर, तोंडावर ओढणी, कडेला गोधडी. विद्यार्थ्यांनी एकेक चूक शोधून दुरुस्त करावी. मुलगे व मुली दोघांनीही हे करावे. भावंड सांभाळणे हे केवळ बहिणीचेच काम नव्हे, हे येथे आपोआप बिंबते.

फळालेखन : उताणे निजवा. सपाट निजवा. तोंड उघडे ठेवा. जवळ कोणी असा.

गृहपाठ : ही चार वाक्ये घरी आईला व आजीला वाचून दाखवावीत आणि त्यांचे म्हणणे दुसऱ्या दिवशी वर्गात सांगावे.

मूल्यमापन : (१) बाळाला उताणे का निजवावे? (२) उशी का नको? (३) बाळ झोळीत निजले तर पुढे काय करावे? (४) बाळ निजले असता आपल्याला पाण्याला जायचे असेल तर काय करावे? चौथ्या प्रश्नाचे "मोठ्या माणसाला बोलावून बसवावे, मग जावे" हे उत्तर प्रत्येकाच्या तोंडी यावे.

१०. प्रसंग ओढवल्यास

बाळ निळसर किंवा पांढुरके दिसले, छाती हलेना, हाक मारून व तळपायाला टिचकी देऊनही ते जागे होईना, तर क्षणही दवडू नये. एकाने तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिकेस कळवावे. दुसऱ्याने बाळाला कठीण सपाट जागी उताणे ठेवून, शिक्षण घेतलेले असल्यास, कृत्रिम श्वास व छातीवर दाब देण्यास आरंभ करावा. बाळाला जोराने हलवू नये, उलटे टांगू नये, तोंडात पाणी घालू नये. हे प्रथमोपचार वाचून येत नाहीत, हाताने शिकावे लागतात. म्हणून केंद्राच्या शिक्षण परिषदेत प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना पाचारण करून त्यांचे प्रात्यक्षिक घ्यावे.

११. समारोप

घरोघरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची जी पद्धत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत सिद्ध केली, तिच्यामागे एक साधा विश्वास होता : गावातील सामान्य स्त्रीला नीट शिकविले तर ती बाळाचा जीव वाचवू शकते. १९९९ साली तिचे निष्कर्ष जगापुढे आले आणि पुढे देशभरच्या आशा कार्यकर्त्यांच्या गृहभेटींत ती पद्धत उतरली. शिक्षकाने आशाताईंचे काम करावयाचे नाही. परंतु त्यांनी घरात सांगितलेली गोष्ट शाळेतून पुन्हा घरी गेली म्हणजे ती दुप्पट बळाने रुजते.

पालकांशी बोलताना दोषाची भाषा टाळावी. आजीने चार मुले झोळीत वाढविली असतील तर तिला "तुमचे चुकले" असे म्हणू नये. "तुमची चारही सुखरूप वाढली, ही तुमच्या जागरणाची पुण्याई, आता हेही एक कळले आहे, ते करून पाहू," असे म्हणावे.

पीक उभे असता शेतकरी रात्रभर राखण करतो. कणसे निजलेली आहेत म्हणून तो घरी जात नाही. घरातील सर्वांत कोवळे पीक निजलेले असता तेवढी राखण त्याच्याही वाट्यास यावी. ती राखण मोठ्यांनी पत्करली, तर हजेरीपटावरील त्या मुलीच्या नावापुढची गैरहजेरीची खूण आपोआप पुसली जाईल. एका अंथरुणाची नीट व्यवस्था लावल्याने दोन मुलांचे भले होते : एकाचा श्वास चालू राहतो आणि दुसरीची शाळा.